यायच्या खुणा

९ सप्टेंबर

चि. सूनबाई,

मी काही येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं पत्र तुला निवांत वाचता येईल.

खोलीला फिकट निळा रंग दिलात, पलंगाखाली माझी पेटी मावेल एवढी जागा ठेवलीत, पडदे लावलेत, सगळं वाचलं. पडदे विकत आणलेत म्हणे. जन्मभर शिंप्याचं दुकान चालवलेल्या सासऱ्यासाठी तयार पडदे! हा अपमान मी तूर्त गिळतो. थंडी पडायच्या आत मी कायमचं तिकडे यावं असं तुझ्या नवऱ्याचं फर्मान आहे. तो लिहीत नाही, आणि फोनवर आम्ही दुसऱ्या वाक्याला भांडणावर येतो, म्हणून त्याने तुला मध्ये घातलंय. तुझं इकडे आड आणि तिकडे विहीर झालंय, त्याचं मला वाईट वाटतं. पण मी येत नाही.

कारण माझा तुकडा. डोंगरातल्या पायवाटा राखणारी इथे काही मंडळी आहेत, फुकट राबणारी. तुझी सासू गेली आणि घर खायला उठलं, तेव्हा मी त्यांच्यात शिरलो. प्रत्येकाला वाटेचा एकेक तुकडा नेमून दिलेला असतो. माझा आमच्या मागच्या फाटकापाशी सुरू होतो आणि जंगलातून चढत वर खिंडीत संपतो. तिथे गाडीरस्ता आहे, बसही थांबते. आडवी पडलेली झाडं कापायची, वाटेवर आलेली झुडपं छाटायची, पाणी वाटेवरून न धावता बाजूला उतरावं म्हणून तिरके दगड पुरायचे, असं काम. आमची म्होरकी एक निवृत्त पोस्टमास्तरीण आहे. तिला सगळे मुकादम म्हणतात. मी पुरलेल्या दगडाला ती लाथ मारून बघते, आणि हलला तर म्हणते, "शिंपीदादा, टाका कच्चा आहे."

काल सकाळी धुकं इतकं खाली आलं होतं की माझे बूट मला दिसेनात. मी कुदळ टेकवून नुसता उभा राहिलो. कुठेतरी पाणी ठिबकत होतं, ओल्या सालीचा वास येत होता. थोड्या वेळाने मी उभा आहे की तरंगतोय, तेच कळेना. तेवढ्यात एक हरिण वाटेवर आलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी एखादं झाड असावं तसं बाजूने निघून गेलं. सूनबाई, इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. निळ्या खोलीत हे कुठून आणणार?

तुझा हट्टी
सासरा


१८ सप्टेंबर

बाबा, नमस्कार.

पडद्यांचं कापड सुती आहे, शिवण सरळ आहे, मी स्वतः उसवून बघायची तेवढी बाकी ठेवली. आता अपमान गिळून झाला असेल तर पाणी प्या.

हे पत्र औषधांच्या दुकानात, खोकल्याच्या बाटल्यांच्या आड बसून लिहितेय. दुपारी गिऱ्हाईक नसतं. घरी लिहिलं की तुमचे चिरंजीव मागे येऊन उभे राहतात आणि आपण खिडकी लावायला आलो होतो असं दाखवतात. तुमची पत्रं मी टेबलावर विसरते. तो ती वाचतो आणि वाचली नाहीत असं करतो. असा आमचा संसार चाललाय, दृष्ट लागण्यासारखा.

पण हरणाचं वाचून तो न राहवून बोललाच. म्हणाला, "धुक्यात एकटे उभे राहतात!" तुम्हाला हरिण दिसलं, त्याला घसरण दिसली. बाबा, जो माणूस दिवसभर लोकांच्या लिफ्ट तपासत फिरतो, दोर, चाकं, दरवाजे बघून मगच सही करतो, त्याला तुम्ही वाट्टेल तसं लिहून पाठवता. मग मी काय करायचं?

एक खरं सांगा. पडलात का कधी? माझ्याशी खोटं बोलू नका, दिवसभर खोटं सांगणारी माणसंच बघते मी. "गोळ्या वेळेवर घेतो" म्हणणाऱ्यांचे चेहरे मला पाठ आहेत.

तुमची
सून


२७ सप्टेंबर

चि. सूनबाई,

पडलो नाही. बसलो. ओल्या मुळावर पाय गेला आणि बसत बसत बराच खाली आलो. विजारीचं बूड फाटलं, ते मी असं रफू केलंय की तुला शोधून सापडणार नाही. हाडं शाबूत आहेत. हे पत्र टेबलावर विसरू नकोस.

आता चांगलं ऐक. मला बढती मिळाली. मुकादमने रंगाचा डबा आणि ब्रश हातात दिला. माझ्या तुकड्यावरच्या जुन्या खुणा पार उडाल्या होत्या, काही झाडंच कोसळली होती. म्हणून सगळ्या नव्याने काढायच्या. झाडाची सैल साल तारेच्या ब्रशने झाडायची आणि डोळ्यांच्या उंचीवर तळहाताएवढा पिवळा पट्टा ओढायचा. मग त्या झाडापाशी उभं राहून पुढचं झाड शोधायचं. एका पट्ट्यापासून दुसरा दिसलाच पाहिजे, हा नियम. मी कडा अशा सरळ आणल्या की मुकादम चष्मा लावून बघत राहिली.

हे काम करताना वेळेचं भान राहत नाही. एक पट्टा ओढायचा, मागे सरकून बघायचा, आणि मग जंगलात पुढचं झाड आपल्याला हाक मारेपर्यंत थांबायचं. हसू नकोस, खरंच मारतं. उन्हाची एक तिरीप फिरत फिरत एखाद्या खोडावर येऊन टेकते, किंवा सुतारपक्षी तिथेच ठोकायला लागतो, आणि कळतं की हेच. शेवाळावरून चालताना पावलांचा आवाज होत नाही. पोटात भूकही नसते. तुझ्या सासूशी मी मोठ्याने बोलतो तिथे. ती ऐकून घेते, इतकं तिने घरात कधी ऐकलं नव्हतं.

उतरण्याची काळजी नको. उतारावर माझे गुडघे कुरकुरतात, म्हणून मी चढून जातो आणि खिंडीतून मुकादमच्या जीपने गाडीरस्त्याने घरी येतो. झालं समाधान तुमच्या तपासनीसाचं?

त्याचं दुखणं मला ठाऊक आहे. बाप तिकडे जंगलात एकटा टाकलाय, लोक काय म्हणतील! शेजारपाजारचे, ऑफिसातले. त्याला सांग, लोकांची तोंडं शिवायला शिंपी रिकामा नाही.

सासरा


५ ऑक्टोबर

बाबा,

आज नमस्कार नाही. मला तुमचा राग आलाय.

लोक काय म्हणतील याचं त्याला काडीचं पडलेलं नाही. लग्नात तो दोन वेगवेगळे मोजे घालून उभा होता, विसरलात? तुम्ही इतकी वर्षं माणसांची मापं घेतलीत आणि पोटच्या पोराचं माप असं चुकलात.

आई गेल्या त्या दिवशी, त्यांची तब्येत बिघडल्याचा निरोप मिळाल्या मिळाल्या तो निघाला. घाटात दरड आली आणि बस अडकली. तो उतरून चालायला लागला, पुन्हा बसमध्ये बसला, पुन्हा उतरला. पोचला तेव्हा तुम्ही दारात होता आणि सगळं संपलं होतं. तो तुमच्याशी त्याबद्दल कधी बोलला नाही, माझ्याशीही एकदाच बोलला. तेव्हापासून फोन वाजला की तो आधी माझ्या चेहऱ्याकडे बघतो, मग उचलतो. त्याला पुन्हा उशिरा पोचायचं नाही, बाबा. एवढंच आहे. निळी खोली त्यासाठी आहे. तुम्ही भिंतीपलीकडे खोकलात तरी त्याला ऐकू येईल, म्हणून.

मला त्याने हे तुम्हाला सांगू नको असं बजावलं होतं. सांगितलं.

तो पुढच्या आठवड्यात कामासाठी बाहेरगावी जाणार आहे, कुठल्याशा हॉटेलातली लिफ्ट बघायला. कुठलं हॉटेल ते मला माहीत नाही. मला काहीच माहीत नाही.

तुमची
सून


१६ ऑक्टोबर

चि. सूनबाई,

तुला काहीच माहीत नाही म्हणे! आमच्या डोंगरात हॉटेल नाही, लिफ्ट तर नाहीच. तुझा नवरा बुधवारी माझ्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभा होता.

सकाळपासून दाट धुकं, म्हणून आमचं काम बंद. मी मशीनवर मंडळींचे फाटके हातमोजे शिवत बसलो होतो. फाटक कुरकुरलं. बघतो तर चिरंजीव. विजारीला शेवाळ, केसांत पानं आणि मान डाव्या खांद्यावर वळलेली. ती सरळच होईना.

"आधी कळवायचं नाही का रे?" मी म्हणालो.

"कळवून कोणी तपासणीला येतं का?" तो म्हणाला.

मी मोहरीचं तेल कोमट करायला गेलो, तर तेलच नव्हतं, म्हणून पाणीच गरम केलं आणि फडका पिळून मानेवर ठेवला. तेव्हा कुठे बोलला. तो बसने खिंडीत उतरला. म्हातारा कसला चढ चढतो ते बघू, म्हणून माझ्या वाटेने खाली यायला निघाला. वाटेवर एक खूण नाही. दुसरं झाड, तिसरं झाड, कुठेच काही नाही. हरणांच्या वाटा फुटलेल्या, खाली सगळं पांढरं. बराच भरकटला. मग मागे काहीतरी वाजलं म्हणून त्याने वळून पाहिलं, तर ज्या झाडाला टेकून तो आत्ताच उभा होता त्याच्या पलीकडच्या अंगाला पिवळा पट्टा.

मग तो तसाच आला. थोडं खाली उतरायचं, वळून मागे बघायचं. पट्टा दिसला तर वाट बरोबर, नाहीतर पुन्हा वर जायचं. काही ठिकाणी तर चक्क उलटा चालत आला. अख्खा डोंगर त्याने मान मुरगाळून उतरला.

सूप पिताना शांतपणे म्हणाला, "बाबा, तुमच्या वाटेवर इथून जायच्या खुणा आहेत. इथे यायची एकही नाही."

मी गार पडलो. मी कायम चढूनच जातो ना, आणि येतो जीपने. माझी वाट वरून खाली कशी दिसते, ते मी आजवर पाहिलेलंच नाही. दुकानात पोरं कामाला ठेवली की पहिल्या दिवशी मी काय शिकवायचो? कपडा उलटा करून बघा, खरं काम आतल्या बाजूला दिसतं. आणि मी? मुकादमला सांगितलं तर तीही कपाळावर हात मारून बसली. नव्या खुणा मंडळींनी नेहमी वरून उतरून तपासायच्या असतात. पण माझ्या तुकड्यावर सगळे खालूनच चढतात, कारण निघायच्या आधी माझ्याकडे चहा मिळतो.

धुक्यात कोण कोण चुकलं असेल एवढ्या दिवसांत, कोणास ठाऊक. ज्याला लोकांनी डोळे मिटून भरवसा ठेवावा असं काम दिलं, त्याने हे केलं. वय झालं, दुसरं काय. ब्रश मी मुकादमला परत नेऊन देतो. तुझ्या नवऱ्याला म्हणावं, तपासणी झाली, लिफ्ट बंद करा. खोली तयार ठेव. महिनाअखेर येतो.

तू लिहिलंस त्याबद्दल आम्ही एक अक्षर बोललो नाही. सुपात मीठ कमी आहे की जास्त, यावर बोललो. सकाळी तो वाटेनेच चढून गेला. मी फाटकाशी उभा राहून बघत होतो. धुक्यात तो दिसेनासा झाला तरी उभा होतो.

सासरा


२३ ऑक्टोबर

बाबा, नमस्कार. दोनदा, कारण मागच्या वेळचा राहिला होता.

मानेला पट्टा बांधून तो कामावर जातोय. लिफ्टच्या छताकडे बघता येत नाही म्हणून सगळे हसतात, आणि हाही हसतो. बाबा, त्याला असं हसताना मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

तुम्ही मला जे लिहिलंत ते त्याने मला वेगळंच सांगितलं. आधी एकही खूण दिसेना तेव्हा त्याला वाटलं, बाबांचं डोकं गेलं, पत्रातले पिवळे पट्टे सगळे मनातले आहेत. तो तिथे रडला, बाबा. मोठ्याने. मग पट्टा दिसला. म्हणाला, कडा इतक्या सरळ की हा हात दुसऱ्या कोणाचा असूच शकत नाही. आणि प्रत्येक पट्टा बरोबर तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर. पुढे पुढे त्याला वाटायला लागलं की तुम्ही तिथेच आहात, प्रत्येक झाडापाशी थांबताय, आणि तो वळून बघतोय की तुम्ही येताय ना. भीती कधी गेली ते त्याला कळलंच नाही. खाली पोचूच नये असं वाटत होतं, म्हणाला.

म्हणून सांगते, रागावू नका. तुम्हाला आमच्याकडे यावंसं वाटत असेल तर उद्या या. पण हरून येणार असाल तर येऊ नका. ती खोली मी हरलेल्या माणसासाठी रंगवलेली नाही. तुम्ही ब्रश खरंच परत दिलात का? आणि दिलात, तर मुकादमने तो घेतला कसा?

काल जेवताना तो पहिल्यांदाच म्हणाला, "बाबांना लिहिशील तेव्हा एक विचार." मी पेन आणते म्हटलं तर म्हणे राहू दे. मग हात धुताना, माझ्याकडे पाठ करून बोलला. "विचार, मी वेळेवर पोचेन ना?"

याचं उत्तर मला लिहू नका. त्याला लिहा.

तुमची
सून


९ नोव्हेंबर

चि. बाळ,

हे पत्र तुझं आहे. सूनबाई, टेबलावर विसरायचं नाटक नको, सरळ त्याच्या हातात दे.

उत्तराला उशीर झाला, कारण हात रंगात होते. मुकादमने ब्रश घेतला नाही. म्हणाली, "उसवलं तर शिंपी पळून जातो का?" तिने मला जीपने खिंडीत सोडलं आणि जीप घेऊन निघून गेली, म्हणजे मला पायी उतरण्यावाचून गत्यंतर नाही. रोज असंच, आणि प्रत्येक उतरणीत थोडे थोडे पट्टे ओढत मी माझी वाट वरून खाली उतरलो. दोन काठ्या घेऊन, आणि दर वेळी मंडळीतलं कोणीतरी सोबत घेऊन, हे तुझ्यासाठी लिहितो. गुडघ्यांनी मला खूप शिव्या दिल्या.

अरे, ती वेगळीच वाट आहे. चढताना मला समोर फक्त उतार आणि खोडं दिसायची. उतरताना झाडांमधून दरी उघडते, तिच्यात धुकं साचलेलं असतं, आणि ते हळूहळू विरायला लागलं की तळाशी आपलं छप्पर दिसतं. मग फाटक. मग तुझ्या आईने लावलेला वेल. इतके महिने मी या घरातून निघत होतो, पण या बाजूने घरी येत कधीच नव्हतो. एका जागी मी बसलो आणि पोटभर रडलो. मग बरं वाटलं.

आता प्रत्येक झाडावर वरच्या अंगालाही पट्टा आहे. तू माझ्याहून उंच आहेस, म्हणून उतरतीचे पट्टे जरा वर ओढलेत. मुकादम म्हणाली, माप चुकलं. मी म्हणालो, माप बरोबर आहे, गिऱ्हाईक उंच आहे.

मी तिकडे राहायला येत नाही. कडाक्याच्या थंडीत वाट बंद असते, तेव्हा पाहुणा म्हणून येईन आणि ते पडदे उतरवून नवीन शिवीन. मग परत जाईन.

आता तुझा प्रश्न. तुझ्या आईने हाक मारली तेव्हा मी पलीकडे चहा गाळत होतो. "आलोच" म्हणालो. कपात ओतला, साखर घातली, ढवळला. गेलो तोपर्यंत ती गेली होती. तू घाटात अडकलास म्हणून उशिरा आलास, मी चार पावलांवर असून उशिरा पोचलो. भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला म्हणून वेळ साधतेच असं नाही रे. हे मी तुला आधी सांगायला हवं होतं. तू दारात आलास तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तू माझ्याकडे बघेनास, आणि मला वाटलं तुला माझा राग आलाय.

शिंपी माणूस तारखा देतो. सोमवारी या, नक्की तयार असेल. जन्मभर लोकांना खोट्या तारखा दिल्या मी, आणि लोकांनी हसून सोडून दिलं. तुला तशी देणार नाही. तू वेळेवर पोचशील, असं मी लिहून देत नाही.

पण तू खिंडीत उतरलास की पहिल्याच झाडावर पट्टा आहे, तुझ्याकडे तोंड करून. तिथून दुसरा दिसतो. धुकं असलं तरी दिसतो, मी धुक्यात उभं राहून पाहिलंय. मी घरात असेन किंवा नसेन, तू दारापर्यंत येशील.

बाबा